मांडवीत उभं राहून व्हेक्टरची वजाबाकी

अकरावीच्या मुलांना व्हेक्टरची, म्हणजे लांबी आणि दिशा दोन्ही असलेल्या बाणांची, बेरीज जमते पण वजाबाकी आली की अडतात. सूत्र पाठ असतं हो, पण वजाबाकी केल्यावर मिळतं काय तेच कोणी दाखवलेलं नसतं.

आपण बडोद्याचे, आपल्याला तर हे सोपं जायला पाहिजे, कारण जुन्या शहरात मांडवीची इमारत मधोमध आणि चार बाजूंना चार दरवाजे, पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. मांडवी आपला ओरिजिन, म्हणजे मोजायला सुरुवात करायची ती जागा. गणितासाठी धरा की पाणीगेट 400 मीटर आणि चांपानेर दरवाजा 300 मीटर.

आधी बेरीज. मांडवीहून 400 पूर्वेला गेलात, तिथून 300 उत्तरेला. पाय 700 मीटर चालले पण डिस्प्लेसमेंट, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा सरळ बाण, 500च, कारण 400 चा वर्ग अधिक 300 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. पहिल्या बाणाचं टोक जिथे, तिथून दुसरा बाण सुरू करायचा, बस.

आता तुम्ही पाणीगेटला आणि मैत्रीण चांपानेर दरवाजाला. तिच्यापर्यंतचं डिस्प्लेसमेंट किती? इथे वजाबाकी लागते: जिथे पोचायचं ते वजा जिथे आहोत ते. म्हणजे चांपानेर वजा पाणीगेट. वजा पाणीगेट म्हणजे तोच बाण उलटा फिरवला, 400 पश्चिमेला, आणि मग नेहमीसारखी बेरीज. उत्तर पुन्हा 500, पण दिशा वायव्येकडची. क्रम उलटा केलात तर मैत्रिणीकडून तुमच्याकडे येणारा बाण मिळेल, लांबी तीच, दिशा बरोबर विरुद्ध. मुलांचे मार्क सगळ्यात जास्त इथेच जातात म्हणून आधी "कुठून कुठे" हे शब्दांत लिहा, मग चिन्हं टाका.

तिरका बाण असेल तर कंपोनंट पाडा, म्हणजे त्याचे पूर्वेकडचा आणि उत्तरेकडचा असे दोन भाग करा. 200 मीटर, पूर्वेपासून 30 अंश उत्तरेकडे, तर पूर्वेला 200 कॉस 30 म्हणजे 173 आणि उत्तरेला 200 साइन 30 म्हणजे 100. पण कोन उत्तरेपासून दिला असेल तर साइन-कॉसची अदलाबदल होते, कॉस नेहमी पूर्वेलाच असं घोकू नका, कोन ज्या अक्षापासून मोजलाय त्याला कॉस. मग बेरीज करताना पूर्व-पूर्व एकत्र, उत्तर-उत्तर एकत्र.

आणि कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे ना बघा. मैत्रिणीच्या गणितात बाणाचा पूर्वेपासूनचा कोन काढायला 300 भागिले उणे 400 चं टॅन इन्व्हर्स घेतलं तर तो उणे 37 सांगेल, ती झाली आग्नेय दिशा, आकृतीत तर बाण वायव्येला चाललाय. पूर्वेचा कंपोनंट उणे असला की 180 मिळवायचे, 143 अंश येतात.