नळाला पाणी आलं की सगळ्यांच्या मोटारी

सोलापुरात मी वाढलो त्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. आलं की घरोघरी एकदम मोटारी सुरू. मग पाण्याचा दाब कमी व्हायचा, दाब कमी झाला म्हणून उरलेलेही मोटार लावायचे आणि टोकाच्या घराला बादलीभर पाणी मिळायचं नाही. पुण्यात नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हाच प्रकार मी सर्व्हरवर पाहिला. ओळखायला मात्र ४० मिनिटं लागली.

संध्याकाळी सवलतीची विक्री सुरू झाली आणि डेटाबेस थोडा मंदावला. उत्तर वेळेत येईना म्हणून आमच्या सर्व्हिसने तीनदा विचारलं. तिच्या वरच्या गेटवेनेही, म्हणजे बाहेरच्या रिक्वेस्ट आत सोडणाऱ्या दरवाजानेही तीनदा, मोबाईल अ‍ॅपनेही तीनदा. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस: ग्राहकाने एकदा बटण दाबलं की डेटाबेसवर २७ धडका. आम्ही काय केलं, तर सर्व्हर वाढवले. म्हणजे आणखी मोटारी.

सीपीयूचा आलेख शांत होता, कारण सगळे थ्रेड, म्हणजे सर्व्हरचे काम करणारे हात, नुसते वाट बघत बसलेले. सरासरी वेळही बरी दिसत होती. कॅशमधून, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या साठ्यातून, झटकन जाणारी हजारो पानं त्यात मिसळली होती. एका सीनियरने पेमेंटचा पी९९ वेगळा काढला, म्हणजे १०० पैकी ९९ रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत पूर्ण होतात ती वेळ. तो नऊ सेकंद निघाला. मग एका रिक्वेस्टचा ट्रेस, म्हणजे ती कुठून कुठे गेली याची नोंद, उघडला, तर तोच कॉल एकाखाली एक, जिना उतरावा तसा. ९९.९ टक्के उपलब्धतेचं वचन दिलं की ३० दिवसांत बंद राहायला जेमतेम ४३ मिनिटं मिळतात. आमची बहुतेक सगळी त्या ओळखण्यातच गेली.

उपाय साधे होते. रिट्राय, म्हणजे पुन्हा विचारणं, एकाच थरावर ठेवला. दोन प्रयत्नांमधली वेळ दर वेळी दुप्पट केली आणि तिच्यात थोडा बेभरवशीपणा मिसळला, त्याला जिटर म्हणतात, म्हणजे सगळे एकाच क्षणी परत येत नाहीत. पाणी भागवार सोडतात तसंच. शिवाय सर्किट ब्रेकर: खालचा थकलाय हे कळलं की थोडा वेळ विचारायचंच नाही.

नव्याने शिकणारे मला आधी कुबरनेटिसबद्दल, म्हणजे अनेक सर्व्हरवर सर्व्हिस चालवणाऱ्या यंत्रणेबद्दल विचारतात. माझ्या मते तो मुक्काम नंतरचा. आधी बघायला शिका. गूगलचा डॅपर या त्यांच्या ट्रेसिंग यंत्रणेवरचा २०१० चा शोधनिबंध वाचा. ट्रेसिंगची आजची भाषा बरीचशी तिथली आहे. मग ट्रेस वगैरे गोळा करणारी ओपनटेलिमेट्री घ्या. ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन प्रकल्प २०१९ मध्ये एकत्र आले, त्यातून ती झाली. त्यामुळे जुन्या लेखांत ही दोन नावं दिसली तर गोंधळू नका. मेट्रिक्ससाठी, म्हणजे वेळोवेळी मोजलेल्या आकड्यांसाठी प्रोमिथियस, आलेखांना ग्राफाना.

प्रोमिथियसमध्ये मी केलेली चूक तुम्ही करू नका. लेबलमध्ये, म्हणजे आकड्याला लावायच्या चिठ्ठीत, युझर आयडी टाकला होता. लेबलमधल्या प्रत्येक वेगळ्या मूल्याची वेगळी टाइम सिरीज, म्हणजे वेळेनुसार आकड्यांची वेगळी रांग, तयार होते. दोन दिवसांत मेमरी संपली आणि बाकी सगळ्यांवर नजर ठेवणारा तोच आधी झोपला. युझर आयडी लॉगमध्ये किंवा ट्रेसमध्ये ठेवा.

मुलाखतीत हमखास कामी येणारं एक गणित. एक पान १०० सर्व्हिसना विचारतं आणि प्रत्येक सर्व्हिस शंभरात एकदाच रेंगाळते, तर किती पानं रेंगाळतील? ०.९९ चा शंभरावा घात काढा आणि तो एकातून वजा करा. सुमारे ६३ टक्के. मी पहिल्यांदा 'एक टक्का' म्हणालो होतो, आणि ती नोकरी मला मिळाली नाही.

सरावाला क्लाउडचे पैसे लागत नाहीत. आठ जीबीच्या लॅपटॉपवर डॉकरमध्ये तीन छोट्या सर्व्हिस एकामागे एक लावा, सगळ्यांत खालच्या सर्व्हिसमध्ये मुद्दाम दोन सेकंदांची झोप घाला, वरच्या दोघींत दोन सेकंदांच्या आतच धीर सोडणारा रिट्राय ठेवा आणि के६ या भार-चाचणीच्या साधनाने भार टाका. आलेख फुगलेला दिसला की रिट्राय एकाच थरावर ठेवून, जिटर लावून पुन्हा चालवा. सुट्टीला घरी आलो होतो तेव्हा मी हे पहिल्यांदा करून पाहिलं. अर्ध्यात उठावं लागलं, पाणी आलं होतं.