पडलेलं दगडफूल पुन्हा झाडावर रुजवताना

मसाल्याच्या दगडफुलात येणारी पार्मोट्रेमा टिंक्टोरम ही शैवाकाची (बुरशी आणि शैवाल यांच्या एकत्र वाढणाऱ्या जोडीची) जात सह्याद्रीच्या डोंगरी भागात झाडांच्या सालीवर वाढते. झाडावरची कधीच खरवडू नका, तिची वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर असते. वाऱ्याने पडलेल्या फांदीवरचा तुकडा पुरतो.

आधी ओळख पटवा. कडा रुंद आणि गोलसर, वरचा रंग राखाडी, त्यावर बारीक बोटांसारखे दाणे. खालून काळी, कडेला तपकिरी. वेगळ्या कपचीची वरची साय नखाने खरवडून पांढऱ्या गाभ्यावर ब्लीचचा थेंब टाका. लगेच लाल झालं तर ओळख जुळते. ती कपची मग टाकून द्या, ब्लीचने ती मरते.

रुजवायचा तुकडा सालीसकट घ्या आणि त्याच परिसरातल्या, खडबडीत सालीच्या झाडावर नायलॉनच्या दोऱ्याने सैल बांधा. तांब्याची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली तार नको, दोन्ही धातू शैवाकाला विषारी. सकाळचं कोवळं ऊन आणि मोकळी हवा हवी. रस्त्याच्या धुरात ती टिकत नाही. कोरड्या दिवसांत पहाटे पावसाचं साठवलेलं पाणी फवारा, क्लोरीनचं नळाचं नको.

बहुतेक जण चुकतात ते इथेच: सतत ओलं ठेवतात. भिजणं आणि दुपारपर्यंत सुकणं, दोन्ही लागतं. कायम ओल राहिली की आतलं शैवाल आणि बुरशी यांचा मेळ बिघडतो, तुकडा मऊ पडून कुजतो. पांढरट चट्टे दिसले तर आतलं शैवाल मेलेलं असतं; बहुधा ऊन जास्त झालेलं असतं, सावलीकडे हलवा.