बाळ चालताना डगमगतंय? नीट बघायचं कसं आणि डॉक्टरांकडे कधी जायचं

आमची धाकटी चालायला लागली तेव्हा घरात दोन पक्ष पडले. आजी म्हणायची, "लेकरू आहे, पडेल, उठेल." शेजारच्या काकू म्हणायच्या, "फेंगडे पाय टाकते, दाखवून घ्या एकदा." दोघींचंही चुकत नव्हतं. पण तिला सलग दोन मिनिटं चालताना शांतपणे दोघींपैकी कुणीच बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नाही. पडली की उचलायची, एवढंच काय ते बघणं.

नव्याने चालणारं मूल डगमगणारच, त्यामुळे नुसत्या डगमगण्यावरून काही कळत नाही. बघायचं ते असं : डगमग महिन्यागणिक कमी होतेय का, दोन्ही पाय सारखेच पडतायत का, आणि गेल्या आठवड्यात जमत होतं ते आजही जमतंय का. खालच्या सगळ्या पायऱ्या या तीन प्रश्नांसाठीच आहेत.

पहिली पायरी : वय नीट मोजा

"पहिल्या वाढदिवसाला चालायलाच हवं" हे घराघरात ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतल्या निरोगी मुलांची नोंद ठेवली होती. त्यातली आपली मुलं दिल्लीची होती. आधाराशिवाय चालण्याचं सरासरी वय १२ महिन्यांच्या आसपास निघालं, पण पल्ला केवढा? कुणी ८ महिने पुरे झाल्यावर लगेच चाललं, तर कुणी साडेसतरा महिन्यांना. म्हणजे शेजारचा दहाव्या महिन्यात धावतो आणि आपली चौदाव्यातही सोफा धरूनच चालते, यात काळजीसारखं काही नाही. त्याच नोंदींत सुमारे ४ टक्के मुलं हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. काही बाळं बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत फिरतात, आणि तीही बहुतेकदा उशिराच उभी राहतात.

रेघ मारायची ती १८ महिन्यांवर. तोवर आधाराशिवाय चालत नसेल तर "मामाही उशिराच चालला होता" म्हणून थांबू नका, दाखवा. मूल वेळेआधी जन्मलेलं असेल तर दोन वर्षांचं होईपर्यंत तेवढे आठवडे वयातून वजा करा. दोन महिने आधी आलेलं बाळ १८ महिन्यांचं झालं, तर चालण्याच्या हिशेबाने ते १६ महिन्यांचं.

आणखी एक हिशेब घरी फारसा कुणी करत नाही. डगमग जन्मतारखेपासून नव्हे, पहिल्या पावलापासून मोजायची. सोळाव्या महिन्यात चालायला लागलेलं मूल अठराव्या महिन्यात नवखंच असतं. पहिलं पाऊल पडलं ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दुसरी पायरी : डायपर काढा, अनवाणी चालवा, व्हिडिओ काढा

फुगलेल्या डायपरमध्ये कुणाचेही पाय फाकणारच. तेव्हा तो काढा. बूट-मोजेही काढा, मोज्यांनी फरशीवर पाय घसरतात. पोट भरलेलं, झोप झालेली, अशी वेळ निवडा. एकाने एका टोकाला बसून हाक मारायची, दुसऱ्याने फोन मुलाच्या गुडघ्याच्या उंचीवर धरायचा. समोरून, पाठीमागून आणि बाजूने असे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तीन तुकडे पुरतात.

नव्या चालीत हे दिसेल : पाय लांब लांब, गुडघे जरा वाकलेले, दोन्ही हात खांद्यांपाशी उचललेले, आणि पाऊल टाचेवर न टेकता अख्खं थपकन पडणारं. थांबता येत नाही, म्हणून भिंतीवर आपटून थांबणं. वळताना बसकण मारणं. हे सगळं ठीक आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात (२०१२) चालायला शिकणारी मुलं तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकताना आणि १७ वेळा पडताना आढळली. दर साडेतीन मिनिटांना एकदा! तेव्हा "सारखी पडते" हे काही आजाराचं लक्षण नव्हे.

पुढच्या काही महिन्यांत हात खाली येतात, पाय जवळ येतात, टाच आधी टेकू लागते. मोठ्या माणसासारखी चाल मात्र सातव्या वर्षाच्या आसपासच बसते. दर महिन्याला एक व्हिडिओ काढून शेजारी शेजारी ठेवलात, तर फरक आपोआप दिसेल. दिसला नाही, तर तीच डॉक्टरांना सांगायची गोष्ट.

घरात पैंजण असतील तर डोळे मिटून ऐका. दोन्ही पायांचा आवाज सारखा येतो, की एक पाऊल जोरात आणि दुसरं घाईघाईने उचललेलं? लंगडणं डोळ्यांच्या आधी कानाला कळतं, हे मला आमच्या घरी समजलं. (घुंगरू मात्र घट्ट बसवलेले हवेत. सुटला की आधी तोंडात जातो.)

तिसरी पायरी : पायांच्या आकाराला घाबरू नका

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. दोन वर्षांपर्यंत पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात. मग उलटं होऊन तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुडघे एकमेकांना घासतात, आणि सात-आठ वर्षांपर्यंत सरळ होतात. तळवे सपाट दिसतात कारण कमानीखाली चरबीची गादी असते. पावलं आत वळणं, अधूनमधून चवड्यांवर चालणं हेही या वयात चालतं. खास बूट किंवा मालिशवालीने पाय ओढून सरळ करणं यांची काही गरज नसते.

अपवाद : एकच पाय वाकलेला असेल, वाक वाढत चालला असेल, किंवा सोबत मनगटं रुंद दिसत असतील आणि टाळू भरायला उशीर होत असेल, तर मुडदूस (ड जीवनसत्त्व कमी पडून हाडं मऊ होणं) असू शकतो. आपल्याकडे ऊन एवढं, पण बाळ उन्हात जातंच कुठे? फ्लॅटमधून लिफ्टमध्ये आणि लिफ्टमधून गाडीत. पहिल्या वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात ते यासाठीच. ते मध्येच बंद झाले असतील तर डॉक्टरांना तसं सांगा.

चौथी पायरी : हे दिसलं तर आठवड्याभरात दाखवा

एकाच बाजूचा फरक, मग तो कितीही लहान वाटो. एक पाय ओढत चालणं, एकाच पायाचा चवडा टेकणं, चालताना एक हात कोपरात दुमडून राहणं. याला जोडूनच एक गोष्ट : वर्षाच्या आतलं बाळ प्रत्येक वस्तूला एकच हात पुढे करत असेल, तर "डावखुरा होणार" म्हणून कौतुक करण्याआधी दुसरा हात नीट चालतोय ना, ते बघा. एवढ्या लहान वयात डावं-उजवं ठरत नाही.

बदकासारखं डुलत चालणं, एक पाय आखूड वाटणं, लंगोट बांधताना एक मांडी पूर्ण न उघडणं. यात खुबा निखळलेला असण्याची शक्यता असते. मूल पायाळू असेल, मुलगी असेल, पहिलटकरणीचं असेल, तर जास्तच. दुपट्यात पाय सरळ करून घट्ट बांधायची पद्धत खुब्याला वाईट, उलट कडेवर पाय फाकून बसवायची पद्धत चांगली. आजीचं एक चुकलं, एक बरोबर आलं!

कायम चवड्यांवर चालणं आणि हाताने वाकवूनही टाच न टेकणं. किंवा दोन-तीन वर्षांच्या मुलाने जमिनीवरून उठताना स्वतःच्याच गुडघ्या-मांड्यांवर हात ठेवत, शिडी चढल्यासारखं उभं राहणं, विशेषतः मुलगा असेल आणि पोटऱ्या टणक, फुगीर दिसत असतील तर. स्नायूंच्या एका आनुवंशिक आजाराची ही खूण असू शकते, आणि रक्ताच्या साध्या तपासणीने त्याचा पहिला अंदाज येतो.

आपल्याकडे हमखास आठवावं असं एक कारण म्हणजे बी-१२ची कमतरता. आई पूर्ण शाकाहारी, दूधदुभतंही कमी, बाळ वर्ष उलटलं तरी मुख्यतः अंगावरच्या दुधावर आणि वरचं खाणं नावापुरतं, असं असेल तर आईच्या दुधातच बी-१२ कमी असतं. बाळ दिसायला गुबगुबीत, पण फिकट आणि मलूल. केस विरळ, भुरे. बोटांची पेरं काळवंडलेली. हसायचं, बसायचं ते विसरतं, आणि कधी कधी हातपाय थरथरतात. वेळेत कळलं तर औषध साधं आहे. म्हणून जमत असलेलं मागे पडणं हे उशिरा शिकण्यापेक्षा जास्त गंभीर माना.

पाचवी पायरी : हे दिसलं तर आजच निघा

काल नीट चालणारं मूल आज झिंगल्यासारखं चालतंय, तर सकाळची वाट बघू नका. आधी घरातल्या गोळ्या मोजा : आजोबांच्या फिटच्या, आजीच्या झोपेच्या, खोकल्याची बाटली. गोळ्या कमी भरल्या तर पाकीट बरोबर घ्या आणि उलटी करवायच्या भानगडीत पडू नका. डोक्याला मार लागला होता का, हेही आठवा. कांजिण्या किंवा तापानंतर एक-दोन आठवड्यांनी कधी कधी तोल जाऊ लागतो, तो मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागाला सूज आल्यामुळे. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. तोल जाण्याबरोबर पहाटे-सकाळी उलट्या, मान एका बाजूला धरणं किंवा डोळा तिरळा होणं असेल, तर मेंदूचा स्कॅन टाळू नका.

ताप आणि लंगडणं एकत्र, किंवा पाय हलवू न देणं : सांध्यात पू झालेला असू शकतो. त्यात तासांनाही किंमत असते.

पाय एकाएकी लुळा पडला तर सरकारी यंत्रणाही हलते. १५ वर्षांखालच्या अशा प्रत्येक मुलाची नोंद होते, शौचाचे दोन नमुने किमान २४ तासांच्या अंतराने घेतले जातात. घाबरू नका, हे पोलिओवर नजर ठेवण्यासाठी असतं. आपल्याकडचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तरी ही नजर हटवलेली नाही.

आता आमची गोष्ट. धाकटी २० महिन्यांची असताना मीच तिला मांडीवर घेऊन बागेतल्या घसरगुंडीवरून खाली आले. तिचा बूट कडेला अडकला, पाय किंचित पिळला. जरा रडली, गप्प झाली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असताना पैंजणांचा ताल चुकलेला ऐकू आला. सूज नाही, खरचटलेलं नाही. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही, तरी डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. दहा दिवसांनंतरच्या एक्स-रेत नडगीच्या हाडाला नवं हाड धरल्याची पांढुरकी रेघ दिसली. या वयात हा बारीक फ्रॅक्चर नेहमीचा आहे आणि तीन-चार आठवड्यांत जुळतो. मोठ्या माणसाच्या मांडीवर बसून घसरणं सुरक्षित, हा माझा समज तेवढ्यात गेला.

सहावी पायरी : तोवर घरी

चाकांचा गोल वॉकर माळ्यावर टाका, कुणाला देऊही नका. त्याने मूल लवकर चालत नाही, जिन्यावरून मात्र लवकर पडतं. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं. फक्त चाकं फार पळती नकोत आणि जिन्यापाशी न्यायचा नाही.

घरात अनवाणी, बाहेर मऊ तळव्याचे बूट. दोन्ही हात वर ओढून चालवू नका, आपली पाठ मोडतेच, शिवाय मूल पुढे झुकायला शिकतं. सोफा, दिवाण, खुर्ची अशी हातभर अंतरावर मांडा आणि आवडीची वाटी पलीकडे ठेवा.

सातवी पायरी : डॉक्टरांकडे जाताना

बालरोगतज्ज्ञांपासूनच सुरुवात करा, थेट हाडांच्या डॉक्टरांकडे नको. खर्चाचा प्रश्न असेल तर अंगणवाडीत विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं तिथे मुलं तपासायला येतात आणि गरज असेल तर पुढे पाठवतात, उपचार मोफत. ही योजना २०१३ मध्ये सुरू झाली, तीही आपल्या पालघरातून.

माता-बाल संरक्षण कार्ड, प्रसूतीचे कागद, चालू औषधं आणि पहिल्या पावलाची तारीख बरोबर घ्या. आणि फोनमधले ते व्हिडिओ. कारण दवाखान्यात मूल बहुधा तुमच्या गळ्यात हात टाकून भोकाड पसरेल आणि एक पाऊलही टाकणार नाही.