प्रीमियर पद्मिनी घरी दुरुस्त करताना: नव्यांसाठी कामाचा क्रम

जुनी गाडी घरी दुरुस्त करून उभी करायची पहिलीच वेळ असेल, तर प्रीमियर पद्मिनीपासून सुरुवात करावी. मूळची ही फियाट ११००डी. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती १९६४ च्या सुमारास 'डिलाइट' म्हणून निघाली, सत्तरच्या दशकात आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झाली, आणि थेट २००० च्या आसपासपर्यंत जवळपास त्याच आराखड्यावर बनत राहिली. १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), आणि बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. तिच्यात साध्या पान्यांनी खुलणार नाही असं फार थोडं आहे.

सुटे भाग आजही मिळतात, कारण मुंबईच्या टॅक्सींनी ही बाजारपेठ अनेक दशकं जिवंत ठेवली. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर सेवेतून गेली, त्यामुळे नवा माल बनवण्याचं कारण आता कमी झालं आहे. मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ इथे फिरून किंग पिन किट (पुढची चाकं ज्या खिळ्यांवर वळतात त्यांचा संच), व्हील सिलेंडर (चाकातले ब्रेक दाबणारे छोटे सिलेंडर), काचांची रबरं, गॅस्केट सेट हे आधीच घेऊन ठेवावं. डिझेलवरची १३७डी मात्र पहिल्या प्रकल्पाला नको. तिचं इंजिन वेगळं, आणि त्याचे भाग शोधण्यातच उत्साह संपतो.

घरची बरीच कामं अर्ध्यावर अडतात ती क्रम चुकल्यामुळे. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आणि नवा रंग या दोन्हींचा मोह मोठा असतो. म्हणून आधी इंजिन बांधलं जातं, मग रंग मारला जातो, आणि सहा महिन्यांनी दाराखालचा पत्रा कापायची वेळ येते. बरोबर क्रम असा: कागद, पत्रा, ब्रेक, इंजिन, वायरिंग, आणि रंग सगळ्यात शेवटी.

घेण्याआधी

आरसीवरचे चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहावेत. टॅक्सीच्या काळात इंजिनं सर्रास बदलली गेली, आणि बदललेल्या इंजिनाची नोंद नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी आरटीओत काम अडतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि महाराष्ट्रात त्यावर हरित कर भरावा लागतो. रंग बदलायचा असेल तर तोही आरसीवर चढवावा लागतो. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या गाडीसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' नोंदणीची वेगळी सोय आहे: नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, दहा वर्षांची मुदत, नव्या नोंदणीला २० हजार रुपये. पण मग ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. तिच्या मूळ रूपात मोठे बदल केलेलेही चालत नाहीत. हा निर्णय पाना हातात घेण्याआधीच व्हायला हवा.

पद्मिनीला वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा, त्यामुळे गंज हा दिसण्याचा नव्हे, ताकदीचा प्रश्न असतो. पाहणीला जाताना लोहचुंबक, जाड स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च पुरे. चुंबक जिथे धरत नाही तिथे पुट्टी जाड आहे. दाराखालचे सिल (दारांच्या खालून जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पेट्या), पुढच्या आसनांखालची जमीन, बॅटरीचा ट्रे, डिकीचा तळ, मागच्या पाट्यांचे हँगर जिथे पत्र्याला धरतात त्या जागा, पुढच्या काचेच्या रबराखालची कड आणि दारांचा खालचा भाग हे सगळं टोचून पाहावं. दारं खालून सडतात कारण पाणी जायची भोकं मातीने बुजलेली असतात. कोकणपट्टीत वापरलेल्या गाडीत हे सगळं जास्त कसून पाहावं. शेवटची खात्रीची चाचणी: बाजूच्या जॅक पॉइंटवर गाडी उचलायची आणि त्या बाजूची दारं उघडून बंद करायची. उचलल्यावर दार अडकायला लागलं, म्हणजे सिल वजन पेलत नाही. अशी गाडी नवख्या माणसाने स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

पत्रा

गाडीखाली जाण्याआधी ती चार भक्कम स्टँडवर ठेवायची. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर कधीच नाही. पेट्रोलची टाकी काढून अंगणात दूर ठेवायची आणि बॅटरी सोडवायची. त्यानंतरच वेल्डिंगचा विचार.

एका वेळी एकच सिल कापायचं. कापण्याआधी दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत चौकोनी पाइप आडवा टाचून घ्यायचा आणि दाराभोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवायच्या. ही खबरदारी टाळली तर गाडी मध्ये बसते आणि नव्या सिलवर ती वाकडीच पक्की होते. नंतर दार कितीही ठोकलं तरी बसत नाही.

सिल आणि जमिनीसाठी १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिमीचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्यावा. गंजलेला भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायचा. पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही, भोक पडत जातं. मिग वेल्डिंगला ०.८ मिमी तार ठीक. सलग रेघ ओढायची नाही, दोन-तीन इंचांवर टाके देत जायचं, पत्रा हाताला सोसेल इतका निवला की मधले टाके. गॅस वेल्डिंगची उष्णता लांबवर पसरते, म्हणून मोठ्या सपाट भागावर ते नको, पत्रा लाटा घेतो. जुन्या छिद्रावर नुसती पट्टी चढवणारे डेंटर भरपूर भेटतील. दोन पत्र्यांमध्ये ओल राहते आणि दोन पावसाळ्यांत ती पट्टी सुटते. वेल्डिंग झाल्यावर आतल्या पोकळीत गंजरोधक मेण फवारायचं. हे काम कुणाला दिसत नाही, पण गाडीचं पुढचं आयुष्य त्यावर ठरतं.

उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली गेला पाहिजे. जून ते सप्टेंबर पत्रा उघडा करूच नये. दमट हवेत रात्रीतून तांबूस थर चढतो आणि प्रायमर त्याच्यावर बसतो.

ब्रेक

जुन्या गाड्यांत ब्रेकचं एकच सर्किट असतं. एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. त्यामुळे इथे 'चालतंय ना' हा निकष नाही. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचे मास्टर सिलेंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा), चारही चाकांचे व्हील सिलेंडर, पुढचे दोन आणि मागचा एक असे रबरी होज आणि लोखंडी नळ्या, सगळं उतरवून तपासायचं.

व्हील सिलेंडरच्या आतून नख फिरवावं. खड्डा लागला तर नुसतं रबर किट बदलून उपयोग नाही. नवं रबर त्याच खड्ड्यावर घासून महिन्यात गळतं. होज बाहेरून धडधाकट दिसले तरी बदलावेत. आतून फुगलेला होज ऑइल आत जाऊ देतो, परत येऊ देत नाही, आणि ब्रेक धरूनच राहतो. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेने उडवू नये, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेक ऑइल नेहमी ताज्या सीलबंद डब्यातलं, डॉट ३. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि त्याच पाण्याने सिलेंडर आतून गंजतात. ब्रेकमध्ये इंजिन ऑइल घातलं तर रबरं फुगून संपूर्ण सिस्टम निकामी होते.

हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. आधी चारही चाकांचे शू (ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) नीट जुळवून घ्यावेत. ते ढिले असतील तर हवा पूर्ण निघूनही पेडल खाली जातं आणि माणूस उगाच पुन्हा पुन्हा हवा काढत बसतो.

इंजिन

बंद पडून राहिलेल्या इंजिनाला लगेच सेल्फ मारू नये. चारही प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल टाकावं, रात्रभर मुरू द्यावं, आणि दुसऱ्या दिवशी हँडलने किंवा क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हळू फिरवावं. चिकटलेल्या पिस्टनच्या रिंगा जोर लावला की तुटतात आणि सिलेंडरला चरे पाडतात.

फिरायला लागलं की कम्प्रेशन मोजायचं, तेही इंजिन खोलायचं का हे ठरवण्याआधी. चारही प्लग काढलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं. एखादा सिलेंडर बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावं. आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलेंडरची आतली भिंत) झिजलाय, वाढला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन्ही खाली असतील तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट (हेड, म्हणजे सिलेंडरांवरचं झाकण, आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय. या अर्ध्या तासाच्या मोजणीने कितीतरी वेळा पूर्ण इंजिन खोलण्याचा खर्च वाचतो.

हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. वर्षानुवर्षं नळाचं किंवा बोअरवेलचं पाणी भरलेल्या गाडीत हेडच्या पाण्याच्या वाटा खाल्लेल्या सापडतात. हेड फक्त थंड इंजिनावरच काढायचं, नट बाहेरून आत या क्रमाने थोडे थोडे सैल करत. गरम हेड वाकतं. काढल्यावर सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासावं. ०.०५ मिमीचं पान खालून सरकलं तर लेथवाल्याकडून फेस मारून घ्यावा. बसवताना नट मधून बाहेर, टॉर्क रेंचने, तीन टप्प्यांत. आकडा मॅन्युअलमधलाच घ्यावा, ऐकीव नाही.

बोअर करावंच लागलं तर आधी पिस्टन घ्यावेत, मग ब्लॉक बोरिंगला द्यावा. मूळ बोअर ६८ मिमी, वरचे साइझ गॅरेजच्या भाषेत १० ओव्हर, २० ओव्हर (इंचाचे हजारांश) असे. बोरिंगवाल्याने हातातला पिस्टन मोजूनच गॅप ठेवायला हवा. आधी बोअर करून मग बाजारात गेलं आणि तो साइझ नसला, तर ब्लॉक पडून राहतो.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची टॅक्सीवाल्यांची सवय अनेक गाड्यांत उतरली आहे. 'गरम होत नाही' हे खरं, पण मग इंजिन पुरतं तापतच नाही, न जळलेलं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि बोअर लवकर झिजतो. गाडी तापते तेव्हा रेडिएटर रॉडिंग करून (नळ्या सळईने साफ करून) घ्यावा, थर्मोस्टॅट परत बसवावा आणि डिस्टिल्ड पाण्यात कूलंट भरावं.

इंधनाच्या बाजूला आता एक नवी अडचण आहे. पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम मऊ पडून चिरतात. पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर ठिबकलं की आग लागायला वेळ लागत नाही. इथेनॉलला टिकणारे पाइप आणि नवा डायफ्रॅम हे पहिल्याच दिवशी बदलायचं. टाकीतला गंज काढायला लिटरमागे ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड घालून पाणी एक दिवस ठेवावं, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावं. कार्बोरेटरचे जेट तारेने कधी साफ करू नयेत. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. आयडलिंग कशानेच स्थिर होत नसेल तर थ्रॉटलचा स्पिंडल हलवून पाहावा. तिथून हवा ओढली जाते, आणि मग स्क्रू फिरवून काही होत नाही.

गिअर अडकतो म्हणून गिअरबॉक्स उतरवण्याआधी दांड्याखालच्या लिंकेजचे बुश पाहावेत. ते झिजले की एका वेळी दोन गिअर धरले जातात. बरेचदा दोष तेवढाच असतो.

वायरिंग आणि रंग

जुन्या वायरचं आवरण वाकवलं की तडकतं. तुकडे जोडत बसण्यापेक्षा नवी हार्नेस (वायरांची तयार जुडी) टाकावी. हेडलाइट मंद असण्याचं मुख्य कारण सोपं आहे: दोन ६० वॅटचे बल्ब १२ व्होल्टवर दहा अँपिअर ओढतात आणि तो सगळा प्रवाह जुन्या स्विचमधून जातो. एक रिले, एक फ्यूज आणि पत्र्यापर्यंत खरवडलेली अर्थिंग, एवढ्यात उजेड बदलतो. बॅटरीला कटऑफ स्विच लावावा.

रंगात पुट्टी दोन मिमीच्या पुढे नको. त्याहून खोल जागा आधी ठोकून वर आणावी. हार्डनर घालायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरी मारू नये. त्यातल्या आयसोसायनेटला साधा मास्क पुरत नाही आणि फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. घासणं, प्रायमरची तयारी, काचा आणि रबरं काढणं हे घरी करून गाडी बूथमध्ये न्यावी. इंजिन बोरिंग, हेडचं फेसिंग आणि अलाइनमेंट ही बाहेर द्यायची बाकीची कामं.

पहिली धाव मोकळ्या सपाट रस्त्यावर, ३० च्या आत, दर थांब्याला चारही ड्रमजवळ हात नेऊन. एखादा बाकीच्यांपेक्षा तापलेला वाटला तर तो शू धरून ठेवतोय. नवं बांधलेलं इंजिन पहिले ५०० किलोमीटर ताणू नये आणि एकाच वेगाला अडकवूनही ठेवू नये. ५०० झाल्यावर ऑइल बदलावं, हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा टॉर्कला तपासावेत, त्यानंतर टॅपेट (व्हॉल्व्हवरचा गॅप) जुळवावेत. नट आवळल्यावर टॅपेटचा गॅप बदलतो, म्हणून हा क्रम उलटा करू नये.