पहिल्या वेताची कुत्री: बाळंतपण आणि पिल्लांची निगा

कुत्रीचे बाळंतपण बहुतेक वेळा माणसाच्या मदतीवाचून पार पडते. मात्र वर्ष-दीड वर्षाची, पहिल्यांदाच विणारी कुत्री अनेकदा गोंधळून जाते. आलेले पिल्लू नुसते हुंगून बाजूला सरकते किंवा त्याच्या अंगावरच बसते. अशा वेळी मालकाने बहुतांश काळ स्वस्थ बसून पाहावे आणि अगदी गरजेच्या क्षणी मात्र विनाविलंब हात घालावा.

गाभणपणाचा काळ साधारण ६३ दिवसांचा असतो; पण मिलनाच्या तारखेपासून मोजल्यास तो ५८ ते ६८ दिवसांपर्यंत मागेपुढे होतो. पंचावन्न दिवसांनंतर पशुवैद्यकाकडून एक्स-रे काढून घेतल्यास पिल्लांची संख्या कळते, आणि विताना शेवटचे पिल्लू आले की अजून एखादे आत अडकले आहे, हा प्रश्न उरत नाही. अपेक्षित तारखेच्या आठ-दहा दिवस आधीपासून वर्दळ नसलेल्या खोलीत, तिला हातपाय ताणून झोपता येईल एवढ्या खोक्यात जुन्या सुती चादरी अंथरून तिला तिथे निजण्याची सवय लावावी. खोक्याच्या आतून, भिंतीपासून चार बोटे अंतरावर आडवी दांडी बसवल्यास आई टेकून बसली तरी मागे सापडलेले पिल्लू चिरडत नाही.

शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप पाहावा. एरवी १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास असणारे तापमान ९९ च्या खाली उतरले, की बहुधा चोवीस तासांच्या आत कळा सुरू होतात. मग ती अन्न नाकारते, धापा टाकते, थरथरते, अंथरूण उकरते. ही अवस्था सहा ते बारा तास, पहिल्या वेतात त्याहूनही लांबू शकते. या काळात शेजारच्या मुलांना पिल्ले पाहायला बोलावण्याचा मोह आवरावा. घाबरलेल्या कुत्रीच्या कळा थांबतात.

जोराच्या कळांनंतर पिल्लू पातळ पडद्याच्या पिशवीत बाहेर येते. डोके आधी आले काय किंवा मागचे पाय, दोन्ही स्वाभाविक आहे. आईने मिनिटभरात पिशवी फाडली नाही, तर स्वच्छ हातांनी ती तोंडाजवळ फाडावी, नाकातोंडातील चिकट द्रव पुसावा आणि पिल्लू रडेपर्यंत कोरड्या टॉवेलने चोळावे. पिल्लू उलटे धरून झटकण्याची जुनी पद्धत मेंदूला इजा करू शकते. आईने नाळ तोडली नाही, तर पोटापासून सुमारे एक इंचावर उकळलेल्या दोऱ्याने बांधून, बांधलेल्या जागेच्या पुढे निर्जंतुक कात्रीने कापावी आणि टोकाला पोव्हिडोन आयोडीन लावावे. प्रत्येक पिल्लामागे पडणारी वारही (नाळेला जोडलेले वेष्टन) मोजत राहावी.

जोराच्या कळा देऊनही अर्ध्या तासात पिल्लू आले नाही, आणखी पिल्ले असूनही दोन तास उलटले, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव दिसला, तर थेट दवाखाना गाठावा. पिल्लू आडवे अडकले असताना कळा वाढवणारे इंजेक्शन टोचल्यास गर्भाशय फाटू शकते; म्हणून तपासणीवाचून ते कोणाकडूनही घेऊ नये.

पहिल्या काही तासांत प्रत्येक पिल्लाला चीक मिळालाच पाहिजे, कारण त्यातील प्रतिकारद्रव्ये साधारण पहिल्या दिवसापर्यंतच आतड्यातून रक्तात उतरतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांना स्वतःची ऊब टिकवता येत नाही. खोक्याच्या एका कोपऱ्यात तापमान तीस अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे. दुसरा कोपरा थंड असावा, म्हणजे आईला सरकता येते. गार पडलेल्या पिल्लाला आधी हळूहळू ऊब द्यावी, मगच पाजावे. थंड शरीराला दूध पचत नाही. स्वयंपाकघरातील काट्यावर रोज वजन करावे. आठ-दहा दिवसांत ते दुप्पट व्हावे. सलग दोन दिवस न वाढणारे पिल्लू तपासून घ्यावे. वरचे दूध लागलेच, तर गाईचे दूध पातळ पडते. पिल्लांसाठीची तयार दूध-पावडर वापरावी आणि पिल्लाला पालथे ठेवूनच पाजावे. आई चाटत नसेल, तर पाजल्यानंतर ओल्या कापसाने पोटाखाली हलके पुसावे, त्याशिवाय पिल्लांना शी-शू होत नाही.

दूध भरात असताना आईचा आहार एरवीच्या दुप्पट-तिपटीपर्यंत जातो. बाळंतीण म्हणून मायेने शिरा खाऊ घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की बेदाणे व मनुका कुत्र्यांना विषारी आहेत. गाभणपणी स्वतःहून कॅल्शियमच्या गोळ्या देणेही घातक ठरते. बाहेरून पुरवठा झाल्याने हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची यंत्रणा शिथिल होते आणि विल्यावर दूध उतरताना रक्तातील पातळी कोसळू शकते. अस्वस्थता, ताठ चाल, थरथर, झटके ही त्याची लक्षणे असून तेव्हा पिल्ले दूर करून तत्काळ दवाखान्यात न्यावे. दुर्गंधी स्राव, ताप किंवा कडक, लाल आचळही दुर्लक्षू नये.

डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात. दुसऱ्या आठवड्यापासून जंताचे औषध वजनानुसार पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे, चौथ्या आठवड्याच्या सुमारास मऊ खाणे सुरू करावे आणि सहा ते आठ आठवड्यांदरम्यान पहिली लस द्यावी. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू कोणालाही देऊ नये. रेबीजची लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास द्यायची असल्याने ती जबाबदारी नव्या घराला कागदावर लिहून द्यावी.