व्हिक्टोरियाकालीन स्कॉटिश शेतकऱ्याचे घर खानेसुमारीच्या कागदावरून कसे वाचावे

राणी व्हिक्टोरियाच्या काळात स्कॉटलंडमधील एखाद्या शेतकरी कुटुंबाचे घर कसे होते हे शोधायचे असेल, तर आरंभ १८६१ च्या खानेसुमारीपासून करावा. १८४१ च्या तक्त्यात कोण कोणाचे कोण हे लिहिलेलेच नाही आणि पंधरा वर्षांवरील माणसांची वये बहुधा पाचाच्या पटीत खाली उतरवलेली आहेत, त्यामुळे तेथून सुरुवात करणारा हमखास चकतो. १८५१ मध्ये नाते आणि जन्माचा पॅरिश (चर्चच्या हद्दीवरून ठरलेला गावपरिसर) आला. १८६१ मध्ये स्कॉटलंडच्या तक्त्यात खिडकी असलेल्या खोल्यांच्या संख्येचा रकाना वाढला. माझ्या मते हाच रकाना सर्वांत बोलका आहे.

समजा, पानावर ‘साठ एकरांचा शेतकरी, एक गडी कामाला’ अशी नोंद आहे. खाली पत्नी, पाच मुले, विधवा आई, एक मोलकरीण, घोड्यांच्या नांगरावरचा एक अविवाहित गडी, आणि खोल्यांच्या रकान्यात ३. दहा माणसे एवढ्या जागेत निजत कोठे, हा प्रश्न पडायलाच हवा. त्याचे एक उत्तर स्वयंपाकघरात मिळते: भिंतीलगत दारे किंवा पडदे लावलेले पेटीसारखे लाकडी पलंग असत आणि त्यांत दोन-तीन मुले सहज मावत. दुसरे उत्तर तबेल्याकडे आहे. अॅबर्डीनशर परगण्यात अविवाहित गडी जेवायला मालकाच्या स्वयंपाकघरात येत, पण झोपायला तबेल्याजवळच्या ‘चॉमर’ नावाच्या खोलीत जात, अँगस परगण्याकडे मात्र ते ‘बॉथी’त, म्हणजे गड्यांच्या वेगळ्या बिऱ्हाडात राहून ओटचे पीठ स्वतःच शिजवत. म्हणून घराच्या नोंदीखाली गडी दिसला नाही तर तो नव्हताच असे ठरवू नये, पुढची दोन-तीन पाने चाळून बॉथीची वेगळी नोंद आहे का ते पाहावे.

गड्याचे नाव सापडले तरी तो त्या घरचा जुना माणूस समजू नये. आपल्याकडे सालगडी पाडव्याला ठरतो, तसे तेथील अविवाहित गडी सहा-सहा महिन्यांच्या बोलीवर राहत आणि त्यांच्या मुदती मे महिन्यातील व्हिटसंडे व नोव्हेंबरमधील मार्टिनमस या होत्या. १८५१ पासून खानेसुमारी मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभी होई, म्हणजे त्या रात्री मोजला गेलेला गडी पुष्कळदा नोव्हेंबरात आलेला आणि मेमध्ये निघून जाणारा असे.

विधवा आईचे आडनाव वेगळे दिसले तर दचकू नये. स्कॉटिश दप्तरांत विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव टिकून राहते. १ जानेवारी १८५५ पासून जन्म, विवाह व मृत्यूची सक्तीची नोंदणी सुरू झाली आणि मृत्यूच्या नोंदीत शक्य तेथे आईचे माहेरचे आडनावही येते, त्यामुळे एक पिढी मागे जाता येते. १८५५ या एकाच वर्षाच्या जन्मनोंदींत आईवडिलांचे वय, जन्मस्थळ आणि आधीच्या अपत्यांची संख्याही आहे. आपल्या कुटुंबात त्या वर्षी मूल जन्मले असेल, तर आधी तीच नोंद काढावी. यादीत ‘नातू’ असून त्याचे आडनाव अविवाहित मुलीचे असेल, तर तेही नोंदवून ठेवावे. ईशान्येकडील शेतकरी भागांत लग्नाबाहेर मूल होणे मुळीच दुर्मीळ नव्हते.

शेवटी मालकीचे पाहावे. ‘शेतकरी’ लिहिलेला माणूस बहुतेक वेळा कूळच असे आणि पट्टा अनेकदा एकोणीस वर्षांचा असे. १८५५ पासूनच्या जमीन-घरांच्या वार्षिक मूल्यांकन-याद्यांत मालक व कूळ या दोघांची नावे असतात. कुटुंब एका खानेसुमारीत आहे आणि पुढच्या खानेसुमारीत नाही, असे झाले तर मधल्या दहा वर्षांच्या याद्या वर्षवार तपासून नाव नेमके केव्हा बदलले ते काढावे.