रेप्युटेशनची गंमत मोजताय? मग या चुका टाळा

स्टॅक ओव्हरफ्लोवर, म्हणजे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर, इंदूरकर उत्तरं कधी लिहितात, सकाळी पोहे-जिलेबी झाल्यावर की रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीतून परतल्यावर? पायथन भाषेतल्या छोट्याशा स्क्रिप्टने या वादाचा निकाल लावता येतो. अडचण एवढीच की अशी स्क्रिप्ट चुकली तरी एरर देत नाही. झकास आलेख काढून देते आणि आपण तो ग्रुपवर टाकून मोकळे होतो.

बहुतेक जण रेप्युटेशनचा, म्हणजे इतरांच्या मतांमधून मिळणाऱ्या गुणांचा, इतिहास घेऊन तासांप्रमाणे बेरीज करतात. घोळ तिथेच होतो. गुण मिळाल्याची वेळ ही मत देणाऱ्याची वेळ असते. उत्तर इंदुरात सकाळी लिहिलेलं, मत पडतं बर्लिन जागं झाल्यावर. ‘कधी लिहितात’ हे हवं असेल तर उत्तराची क्रिएशन डेट, म्हणजे ते लिहिल्याची वेळ, घ्या.

मग घड्याळ. एपीआय (स्क्रिप्टला साइटचा डेटा देणारी सोय) वेळ देतो ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे. तशीच वापरलीत तर रात्री साडेअकराची गर्दी संध्याकाळी सहाला दिसेल. लॅपटॉपवर बरोबर आणि सर्व्हरवर चूक येत असेल, तर सेकंदांची तारीख-वेळ करणाऱ्या पायथनच्या फ्रॉमटाइमस्टॅम्पला टाइमझोन दिलाय का बघा. न दिल्यास तो मशीनची वेळ धरतो. ‘एशिया/कोलकाता’ द्या, हाताने साडेपाच तास मिळवत बसू नका.

एखाद्याला दिवसात २०० च्या वर गुण दिसले म्हणून लगेच बग शोधू नका. मतांमधून मिळणाऱ्या गुणांची मर्यादा २०० आहे खरी, पण स्वीकारलेल्या उत्तराचे १५ आणि बाउंटी (उत्तरासाठी लावलेलं गुणांचं बक्षीस) त्यात धरत नाहीत. शिवाय तो दिवस यूटीसीचा, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. जुनी डेटा फाइल आणि आजचे आकडे जुळत नसतील तर नोव्हेंबर २०१९ आठवा: प्रश्नावरच्या मताचे ५ चे १० झाले, तेही मागच्या सगळ्या मतांना लावून.

रेप्युटेशनची सरासरी तर काढूच नका. सगळ्यांची सुरुवात १ पासून, आणि जॉन स्कीट नावाचा एक यूजर २०१८ मध्येच दहा लाखांवर. मध्यक (रांगेतला मधला आकडा) घ्या.

गावावरून माणसं शोधायची सोय एपीआयमध्ये नाही. साइटच्याच डेटा एक्सप्लोररवर एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) चालवा आणि रोमन स्पेलिंगबरोबर ‘इंदौर’, ‘इंदूर’ही शोधा. नावांवर विसंबू नका, दोघांचं एकच असू शकतं. यूजर आयडी धरा.

प्रत्येकाची बरोबर १०० उत्तरं येत असतील तर ‘हॅज मोअर’, म्हणजे पुढची पानं आहेत का ही खूण, तपासायचं राहिलंय. आणि एपीआय की (नोंदणी केल्यावर मिळणारा कोड) नसेल तर एका आयपीला (इंटरनेटवरच्या पत्त्याला) दिवसाला ३०० रिक्वेस्ट, म्हणजे होस्टेलच्या वायफायवर रूममेटची स्क्रिप्टही तुमच्याच कोट्यातून खाते.